खड्ड्यात भरू नका, वर चढवा (चिकणमाती आणि पानांचं खत)

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो. चिकणमातीत दीड-दीड फुटाचे खड्डे, त्यात घरी कुजवलेलं पानांचं खत, महिनाभर रोपं मस्त आणि मग मोठा पाऊस पडून गेल्यावर खालची पानं पिवळी पडून एकेकाने माना टाकल्या. खत कच्चं राहिलं का असं तुम्ही विचारलंय. मला नाही वाटत. फोटोत ते काळं, भुसभुशीत दिसतंय, पानाची शीरसुद्धा ओळखू येत नाही. चूक खताची नाही, खड्ड्याची आहे, आणि हीच चूक मी लागोपाठ दोन वर्षं केली म्हणून एवढं ठामपणे सांगतोय.

मी ११ खड्डे खणले होते. माती ओली होती, खणायला मऊ म्हणून मुद्दाम पावसानंतरच खणले. दीड वर्ष जपलेलं सगळं पानांचं खत त्यात ओतलं. पुढे मेलेलं एक रोप उपटायला गेलो तर जोरच लावावा लागला नाही, अलगद हातात आलं. मुळं तपकिरी, चिमटीत धरून ओढलं की साल निसटायची आणि आतला दोरा तेवढा उरायचा. खालून सडक्या अंड्याचा वास. खत उपसलं तर तळाशी वीतभर पाणी, आणि खड्ड्याच्या भिंती कुदळीने घासून गुळगुळीत झालेल्या, मडक्याला आतून हात फिरवावा तशा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मोकळ्या खतातून पाणी झरझर आत येतं, पण चिकणमाती ते बाहेर जाऊच देत नाही. मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरून सडतात. खत जितकं चांगलं तितकं पाणी जास्त साचणार!

पहिल्याच वर्षी हे कळलं असतं, पण मी मातीचा नमुना घेऊन एका तपासणीच्या ऑफिसात गेलो होतो. तीन चकरांनंतर रिपोर्ट मिळाला, त्यात नत्र, स्फुरद, पालाश आणि सामू (म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी), सगळं ठीक. अहो पण पाणी साचतंय, असं म्हटलं तर मान वर न करता उत्तर आलं, वाळू मिसळा. कुठे लावलंय, कसं लावलंय, एक प्रश्न नाही. मी बिचाऱ्या रोपांसाठी घमेल्यांनी वाळू ओतली आणि उन्हात ती माती अशी आवळली की टिकाव उडायचा. चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक, ते वाळूच्या दाण्यांमधल्या फटींत गच्च बसतात. फरक पडायला निम्म्याहून जास्त वाळू लागते, म्हणजे अख्खी जमीनच बदलायची. माझं ते दुसरं वर्ष त्या एका वाक्यात गेलं, याचा राग अजून जात नाही.

तर आता काय करायचं. जगलेली रोपं काढून कुंडीत ठेवा. माती वापशावर येऊ द्या, म्हणजे मुठीत दाबलेला गोळा बोटाने ढकलला की फुटला पाहिजे, चपटा होत असेल तर थांबा. खड्ड्यातलं खत बाहेर काढा, भिंती खरवडून खडबडीत करा आणि खणून काढलेलीच माती परत आत भरा. मग वाफ्याची जागा दातेरी फोर्कने नुसती सैल करा, उलथवू नका, आणि ते सगळं खत वर ४ इंच पसरून वरच्या माती‍त हलकं मिसळा. वाफा आजूबाजूपेक्षा ६-८ इंच उंच, कडा उतरत्या, दोन वाफ्यांमध्ये पाणी जायला चर. खत बसत जातं, तेव्हा दरवर्षी २ इंच भर घालावीच लागते. खाली न्यायचं काम गांडुळं आणि मुळं करतात, वेळ घेतात पण करतात. आणि वाफ्यात पाय ठेवू नका, कोणालाच ठेवू देऊ नका.

न कुजलेली पानं मात्र मातीत गाडू नका, ती कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोपं पुन्हा पिवळी. वर आच्छादन म्हणून चालतील, तीही चुरून, नाहीतर मोठी पानं एकमेकांना चिकटून त्यांचा थर बसतो आणि पाणी वरूनच वाहून जातं. पानांच्या खताने माती मोकळी होते, पोट फार भरत नाही, त्यामुळे शेणखत किंवा गांडूळखत वेगळं द्या.

मी शेतीतज्ज्ञ नाही, एका बागेचा अनुभव आहे. तुमच्याकडे खाली कातळ असेल किंवा जमीन चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेली असेल तर गणित वेगळं. जिप्समचा सल्ला कोणी देईलच, पण ते अशाच चोपण जमिनीसाठी, आधी तपासल्याशिवाय टाकू नका.

रिकाम्या जागेत एक फूट खोल खड्डा करून पाण्याने भरा, जिरलं की परत भरा आणि दुसऱ्या वेळी तासाला किती उतरतंय ते पट्टीने मोजा. एक इंचाहून कमी असेल तर तिथे खड्ड्यात काहीच लावू नका. आकडा इथे टाका, आणि मेलेल्या रोपाच्या खड्ड्यात तळापर्यंत हात घालून पाणी लागतंय का तेही सांगा.