नर्सिंगचे स्टॅटिस्टिक्स आणि व्यसनाधीन रुग्णांची शुश्रूषा हे दोन्ही पेपर एकाच आठवड्यात आहेत. तयारी कशी करू?

स्टॅटिस्टिक्स नुसतं वाचून येत नाही, वही-पेन घेऊनच बसा. समजा, पाच रुग्ण ३, ४, ४, ५ आणि २४ दिवस वॉर्डात होते. सरासरी येते ८, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) ४. त्या एका २४मुळे सरासरी फुगली, म्हणून इथे मध्यक सांगायचा. असं कारण लिहिलं की उत्तराला वजन येतं. स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत) आणि काय-स्क्वेअरचं (दोन गोष्टींचा संबंध तपासायची चाचणी) रोज एकेक गणित सोडवा, सूत्रं आपोआप बसतात.

दुसऱ्या पेपरात दारू बंद झाल्यावरची लक्षणं वेळेच्या क्रमाने मांडा: शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते १२ तासांत थरथर, घाम, अस्वस्थता, फिट्सचा धोका ६ ते ४८ तासांत, डिलिरियम ट्रेमेन्स (भ्रम, गोंधळ आणि थरथर असलेली गंभीर अवस्था) बहुधा ४८ ते ९६ तासांत. ग्लुकोजच्या आधी थायमिन (व्हिटॅमिन बी१) का, तेही लिहा: नाहीतर वेर्निके एन्सेफॅलोपॅथी (थायमिनच्या कमतरतेने होणारा मेंदूचा विकार) ओढवू शकते. हेरॉइनच्या ओव्हरडोसमध्ये डोळ्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या आणि मंद श्वास, उतारा नॅलोक्सोन. मात्र नर्सिंग केअर लिहिताना आधी श्वासमार्ग, मग औषध. आणि हो, उत्तरपत्रिकेत ‘दारुडा’ लिहू नका, ‘रुग्ण’च लिहा.