सॉना, बर्फाचं पाणी आणि बीपीची गोळी

प्रश्न: ताई, वय ४९, घोडबंदर रोडला राहते. पाळी मागेपुढे होते, रात्री घामाने गाऊन भिजतो. मैत्रिणी सॉना (घाम काढायची गरम खोली), बर्फाचा टब आणि श्वासाच्या सेशनला चल म्हणतायत. बीपीची गोळी चालू आहे, जाऊ का?

उत्तर: अगं, आधी डॉक्टरांना विचार, कारण सॉनात ८० डिग्रीच्या आसपास गरम असतं, त्यात बीपी उतरू शकतं आणि लगेच बर्फाच्या पाण्यात शिरलं की एकदम चढतं, धाप लागते, तुला ते नकोच. सॉनाने अंग मोकळं होतं खरं, पण काहीजणींना उष्णतेनेच घामाची लाट येते. श्वासाचा व्यायाम मात्र आजच सुरू कर, मिनिटाला साधारण सहा श्वास, नाकाने सावकाश आत आणि त्याहून सावकाश बाहेर, उपवन तलावाकाठी बसून कर ना! आणि जोरजोरात श्वास घ्यायचा प्रकार पाण्यात कध्धीच नाही, शुद्ध हरपून बुडायची भीती असते.