उन्हाळी सुट्टीतले तास, मानधन आणि रजा

एप्रिल सरत आला की प्राध्यापक वाचकांची पत्रं एकाच विषयाभोवती फिरू लागतात: सुट्टीत शिकवायला लावलं, आता त्याचं काय? नव्या शैक्षणिक धोरणाच्या श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीमुळे उन्हाळी अभ्यासक्रम वाढले आणि प्रश्नही वाढले. निवडक पत्रांची उत्तरं इथे देत आहोत.

अनुदानित महाविद्यालयात मी सहायक प्राध्यापिका आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम मे महिन्यात घ्या, असं प्राचार्यांनी बैठकीत सांगितलं. याचे वेगळे पैसे मिळतात का? (होटगी रस्ता, सोलापूर)

नाही. मे महिन्याचा पगार सेवार्थ या शासनाच्या वेतन प्रणालीतून नेहमीसारखा निघतोच. त्यामुळे अनुदानित पूर्णवेळ पदावरच्या माणसाला सुट्टीतल्या अध्यापनासाठी वरकड पगार मागता येत नाही. बदल्यात मिळते ती अर्जित रजा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुलै २०१८ च्या विनियमांत महाविद्यालयांना वर्षाला एकूण १० आठवडे सुट्टीचा पर्याय आहे. तो घेतला तर अर्जित रजा एरवी जमा होत नाही, पण सुट्टीत कामासाठी थांबवून घेतलं तर त्या कालावधीच्या एक तृतीयांश रजा खात्यावर पडते. १८ दिवस थांबलात तर ६ दिवस. एकूण शिल्लक ३०० दिवसांपलीकडे जात नाही. काही कार्यालयांत ३० दिवसांच्या प्रमाणात, म्हणजे ३० गुणिले थांबलेले दिवस भागिले सुट्टीचे एकूण दिवस, असाही हिशेब मांडतात. त्यातून आकडा बराच वेगळा येतो. म्हणून आपल्या महाविद्यालयात कोणती पद्धत लागू आहे, हे आस्थापना लिपिकाला आधीच विचारून घ्या.

पण तुमच्या पत्रातली खरी मेख ‘बैठकीत सांगितलं’ या दोन शब्दांत आहे. तोंडी सांगण्यावर रजा जमा होत नाही. प्राचार्यांच्या सहीचा लेखी आदेश हवा. त्यावर जावक क्रमांक हवा आणि तारीख सुट्टी लागण्याच्या आधीची हवी. आदेशात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणतं काम, आणि ‘दीर्घ सुट्टीच्या उपभोगापासून रोखण्यात येत आहे’ हे स्पष्ट लिहिलेलं हवं. ‘आवश्यकतेनुसार उपस्थित राहावे’ असा मोघम आदेश घेऊ नका. त्यातून किती दिवस धरायचे हे कुणालाच सांगता येत नाही. दुसरी अडचण मस्टरची. आदेश महिनाभराचा आणि सह्या १४ दिवसांच्या असतील, तर तपासणीत १४ दिवसच धरले जातात. मधले रविवार आणि १ मेची सुट्टी मोजायची की नाही, हेही आदेशात एका ओळीत लिहून घ्या.

काम संपल्यावर जूनमध्ये लगेच अर्ज द्या. सोबत आदेशाची प्रत, मस्टरचा उतारा आणि वेळापत्रक जोडा. मग सेवापुस्तिकेच्या रजा खात्यात नोंद झाली का आणि तिथे प्राचार्यांची आद्याक्षरी पडली का, हे स्वतः उघडून पाहा. ही नोंद राहून गेली तर पंधरा-वीस वर्षांनी, पडताळणीच्या वेळी, आदेश शोधत बसावं लागतं. तोवर प्राचार्य बदललेले असतात आणि जावक नोंदवही गठ्ठ्यात गेलेली असते.

आता तास. एक श्रेयांक म्हणजे १५ तास अध्यापन किंवा ३० तास प्रात्यक्षिक. चार श्रेयांक म्हणजे ६० तास अध्यापन, आणि सगळंच प्रात्यक्षिक असेल तर १२० तास. रोज तीन तास धरले तर पहिल्याला २० दिवस लागतात, दुसऱ्याला ४०. सुट्टीत ४० कामाचे दिवस बसवणं अवघडच. तेव्हा अभ्यासक्रमाचा आराखडा हातात आल्याशिवाय तारखांना होकार देऊ नका.

एक वाट मात्र उघडी आहे. अभ्यासक्रमाला विद्यार्थ्यांकडून स्वतंत्र शुल्क घेतलं जात असेल, तर त्यातून मानधन देता येतं. त्यासाठी महाविद्यालय विकास समितीचा ठराव आणि अंदाजपत्रकात तरतूद लागते. मात्र त्याच दिवसांचं मानधनही घेतलं आणि रजाही मागितली, तर लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेलाच.

मी तासिका तत्त्वावर शिकवतो. एप्रिलनंतर तास नाहीत म्हणून मानधनही नाही. आता महाविद्यालय उन्हाळी अभ्यासक्रमाचे ७५ तास देतंय. देयक कसं करावं आणि हातात किती पडेल? (बार्शी)

तासिका तत्त्वात प्रत्यक्ष घेतलेल्या तासाचेच पैसे. जूनमध्ये घेतलेला आदेश वाचून पाहा. तो बहुधा नियमित सत्रापुरता आणि ठरावीक विषयापुरता असतो. उन्हाळी तास त्यात बसत नसतील तर नवा आदेश घ्या आणि पैसा कुठून येणार हे त्यात लिहून घ्या: शासनाच्या तासिका अनुदानातून की अभ्यासक्रमाच्या शुल्कातून. अनुदानातून म्हणत असतील तर विभागीय सहसंचालक कार्यालयाने मंजूर केलेल्या कार्यभारात हे तास आहेत का, ते विचारा. नसतील तर देयक परत येणार, आणि ते परत आलंय हे तुम्हाला ऑगस्टमध्ये कळणार.

तास किती मिनिटांचा, हा प्रश्न लोक संकोचाने विचारत नाहीत. भांडण मात्र त्यावरूनच होतं. ७५ हा आकडा आला कुठून ते पाहा. चार श्रेयांकांचे ६० घड्याळी तास म्हणजे ३,६०० मिनिटं. ४८ मिनिटांच्या तासिकेने भागलं तर बरोबर ७५. हिशेबासाठी दर तासाला ९०० रुपये धरू. ७५ तासिकांचे ६७,५०० होतात, ६० घड्याळी तासांचे ५४,०००. साडेतेरा हजारांचा फरक आहे. दर ६० मिनिटांसाठी असेल तर तुमचे ७५ तास देयकात ६० च होतील. आदेशात ‘६० मिनिटांची एक तासिका’ किंवा ‘४८ मिनिटांची एक तासिका’ असं लिहून घेतलं की वाद उरत नाही. प्रात्यक्षिकाचा दर वेगळा असतो, ते तास वेगळ्या रकान्यात मांडा.

देयकाला जोडायचं ते असं: आदेशाची प्रत, वेळापत्रक, तारीखवार तास दाखवणारा तक्ता, विद्यार्थ्यांच्या हजेरीची प्रत, विभागप्रमुखांचं प्रमाणपत्र. तक्त्यातली तारीख, वेळापत्रकातला वार आणि हजेरीपट हे तिन्ही जुळले पाहिजेत. सुट्टीच्या तारखेला तास दाखवला, किंवा तुम्ही दुसऱ्या महाविद्यालयातही जात असाल आणि दोन्हीकडे एकच वेळ पडली, तर पूर्ण देयक अडकतं. देयक महिन्याच्या महिन्याला द्या, अभ्यासक्रम संपायची वाट पाहू नका.

कराचं म्हणाल, तर बरीच महाविद्यालयं हे मानधन व्यावसायिक शुल्क धरून १० टक्के कापतात. १ एप्रिल २०२५ पासून त्याची वार्षिक मर्यादा ३०,००० वरून ५०,००० झाली. ५४,००० वर ५,४०० कापले जाऊन ४८,६०० हातात येतील. पॅन दिला नसेल किंवा आधारशी न जोडल्यामुळे तो निष्क्रिय असेल, तर कपात २० टक्के, म्हणजे १०,८००. कापलेला पैसा बुडत नाही. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर २०२५-२६ पासून कर पडत नाही, विवरणपत्र भरलं की रक्कम परत मिळते. न भरणारे पुष्कळ आहेत, आणि ते उगाच पैसे सोडून देतात.

जाता जाता: विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी व्याख्यानाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० असं सुचवलं होतं. ते परिपत्रक दाखवून कुणी महाविद्यालयात भांडत असेल तर त्याला थांबवा. राज्यातल्या तासिका प्राध्यापकांना राज्याच्या शासन निर्णयातला दर लागू होतो.

उन्हाळी वर्ग दुपारी १२ ते ३ ठेवलेत. वेळ बदलून मागता येईल का? (अक्कलकोट)

येईल, आणि मागाच. वेळापत्रक महाविद्यालय ठरवतं, विद्यापीठाला फक्त तास पूर्ण झालेले हवेत. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. दुपारच्या वर्गाची हजेरी घसरते आणि ती घसरली की विद्यार्थ्यांचे श्रेयांक अडचणीत येतात. सकाळी साडेसात ते साडेदहा मागा. अक्कलकोटहून पहिली एसटी किती वाजता सोलापुरात पोचते ते अर्जात लिहा, म्हणजे ‘मुलं येणार कशी’ या प्रश्नाला उत्तर आधीच गेलेलं असेल.

विद्यापीठाच्या मूल्यांकन केंद्रावर मे महिन्यात बोलावणं आलंय. सुट्टी आहे म्हणून नकार देता येतो का? मानधन मिळतं, मग रजाही मिळेल का? (सांगोला)

नकार देऊ नका. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ४८(४) नुसार परीक्षेच्या कामात साहाय्य करणं शिक्षकांवर बंधनकारक आहे, सुट्टी ही सबब त्यात बसत नाही. आजारपण असेल किंवा घरचंच मूल त्या परीक्षेला बसलेलं असेल, तर कागदपत्रांसह लेखी कळवा. दुसरं कारण तर कळवलंच पाहिजे.

उत्तरपत्रिकांचं मानधन नगावर असतं. त्याच दिवसांची रजा पुन्हा मागितली तर एकाच कामाचा दुहेरी मोबदला असा शेरा बसतो. तेव्हा रजेचा दावा अध्यापनाच्या दिवसांपुरता ठेवा. केगावला, विद्यापीठात, रोज सांगोल्याहून ये-जा करणार असाल तर केंद्रावरच्या दैनिक तक्त्यात रोजची उत्तरपत्रिकांची संख्या लिहून त्याच दिवशी सही घ्या आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शेवटच्या दिवशी एकदम भरलेला तक्ता आणि गठ्ठ्यांची नोंद जुळत नाही, आणि शंभर उत्तरपत्रिकांचा फरक पडला की कुणाचंच देयक पुढे सरकत नाही. प्रवासभत्ता एकाच ठिकाणाहून घ्या. बँक विलीन झाली असेल तर जुना आयएफएससी लिहू नका. पैसे परत गेले की ते पुन्हा मिळवायला देयक करण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

विनाअनुदानित महाविद्यालयात पूर्णवेळ आहे, मान्यताही आहे. संस्था म्हणते, मे महिन्यात शिकवलं तरच पगार. (पंढरपूर)

नेमणूकपत्र काढा आणि मुदत वाचा. पूर्णवेळ नियमित नेमणूक असेल तर सुट्टी हा सेवेचाच भाग आहे, तिचा पगार देय आहे. पत्रातच दहा किंवा अकरा महिन्यांची मुदत असेल तर बाजू लंगडी पडते. अशा वेळी सही करण्याआधीच भांडायला हवं होतं. थकलेल्या पगारासाठी आधी प्राचार्य आणि संस्थेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, मग विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीकडे जा. सेवाच समाप्त केली असेल तर मार्ग वेगळा: न्यायाधिकरणात अपील, आणि त्याची मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवस. ‘जूनमध्ये परत घेतो’ या आश्वासनावर बसून राहणाऱ्यांची हीच मुदत हातची जाते.

मुलगा अमेरिकेत सहायक प्राध्यापक आहे. नेमणूक नऊ महिन्यांची म्हणतो, पण पगार बारा महिने येतो. उन्हाळ्यात शिकवल्यास जादा पैसे मिळतील असं कळवलंय. सुट्टीत तो सोलापूरला येऊन ऑनलाइन शिकवू शकेल का? (जुळे सोलापूर)

तिथली पद्धत आपल्या अगदी उलट आहे. अनेक विद्यापीठांत प्राध्यापकाची नेमणूक ऑगस्ट ते मे अशी नऊ महिन्यांची असते. तेवढ्याच कामाचा पगार सोयीसाठी बारा हप्त्यांत वाटता येतो. म्हणजे जून-जुलैमध्ये खात्यात पडतो तो आधीच कमावलेला पैसा, उन्हाळा करारात नाहीच. म्हणून उन्हाळी अध्यापनाचं वेगळं पत्र आणि वेगळं वेतन. कुठे प्रति अभ्यासक्रम ठोक रक्कम, कुठे मूळ पगाराची टक्केवारी.

कमाल मर्यादा नवमांशात, म्हणजे नऊ महिन्यांपैकी एका महिन्याच्या पगारात, सांगतात. पगार ७२,००० डॉलर धरला तर एक नवमांश ८,०००, आणि अनेक ठिकाणी उन्हाळ्याची एकूण कमाई तीन नवमांशांपर्यंतच, म्हणजे २४,०००. संशोधन प्रकल्पातून घेतलेलं उन्हाळी वेतनही यात धरलं जातं. नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या अनुदानातून सर्वसाधारणपणे वर्षाला दोन महिन्यांपुरताच पगार घेता येतो. दोन महिने तिथून घेतले तर शिकवण्यासाठी एकच महिना उरतो. मुलाला आणखी दोन गोष्टी विचारायला सांगा: विद्यार्थी कमी आले तर वर्ग रद्द होतो की वेतन प्रमाणात कमी होतं, आणि हा निर्णय कोणत्या तारखेला होतो. विमानाचं तिकीट त्या तारखेनंतर काढलेलं बरं. तो एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर दुसऱ्या विद्यापीठात उन्हाळी वर्ग घेण्यासाठी त्या दुसऱ्या विद्यापीठाने व्हिसासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. स्वतःच्या विद्यापीठात शिकवायला ती अडचण नाही.

सोलापुरातून ऑनलाइन शिकवायचं तर विद्यापीठाची लेखी परवानगी आधी हवी. परदेशातून काम करायला सगळीच विद्यापीठं सहज हो म्हणत नाहीत. इथे बसून केलेलं काम आपल्या आयकर कायद्याच्या नजरेत भारतात केलेलं काम ठरतं, पगार अमेरिकी खात्यात जमा झाला तरीही. मुक्काम थोडा असेल तर दोन्ही देशांतल्या कर कराराचा आधार मिळू शकतो. त्यासाठी पारपत्रावरच्या येण्या-जाण्याच्या तारखा आणि करारपत्र घेऊन मुलगा इथे येण्याआधीच सीएकडे जा. वेळेतला फरक साडेनऊ ते साडेबारा तासांचा आहे. तिथला सकाळी दहाचा वर्ग इथे संध्याकाळी साडेसात ते रात्री साडेदहाच्या दरम्यान पडेल. इन्व्हर्टरची बॅटरी आणि इंटरनेटची दुसरी जोडणी आधी तपासून घ्या.