प्रेअरीला ‘माळरान’ म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की, लेकीला रात्री ‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’ (लॉरा इंगल्स वाइल्डर या अमेरिकन लेखिकेचं, तिच्याच लहानपणावरचं पुस्तक) मराठीत सांगतेय, तर ‘प्रेअरी’ला, म्हणजे अमेरिकेतल्या त्या अफाट गवताळ मैदानाला, काय म्हणू, माळरान चालेल का, की सरळ कुरण?

चालेल, कोण अडवतंय, पण मला माळरान खटकतं. आमच्या सांगोल्याकडे माळ म्हणजे मुरूम, वीतभर माती, पावसाळ्यात जरा हिरवं नि नंतर नुसती कुसळं. ‘माळाची जमीन’ म्हटलं की पोराला मुलगी देताना सासरा दोनदा विचार करतो. आणि लॉराचे बाबा बायको-पोरी गाडीत घालून विस्कॉन्सिनहून १८६९ मध्ये कॅन्ससला गेले ते काय मुरूम उकरायला? तिथलं गवत जागोजागी माणसाच्या डोक्यावर जाणारं, खाली हजारो वर्षं मुळं कुजून झालेली काळीभोर माती. त्या जमिनीच्या ओढीनेच तर माणसं तिकडे जात होती. माळ म्हणालात तर पोरगी पहिल्याच रात्री विचारणार, मग गेले कशाला? (लांडगे मात्र दोन्हीकडे आहेत, आपल्या माळावरही आणि लॉराच्या घराभोवती रात्री रिंगण धरून बसलेलेही, तेवढ्यापुरता माळ जुळतो.)

भूगोलाच्या पुस्तकात आपण स्टेप, पंपास, व्हेल्डबरोबर प्रेअरीही पाठ केलंय, ‘गवताळ प्रदेश’. बरोबर आहे, पण ‘लॉरा गवताळ प्रदेशात पळत सुटली’ हे गोष्ट सांगताना तोंडात बसतं का बघा.

कुरणाची गंमत वेगळीच आहे. प्रेअरी हा मुळात फ्रेंच शब्द आणि त्याचा अर्थ जवळजवळ कुरणच! अमेरिकेत पोचलेल्या फ्रेंचांनी एवढं अफाट गवत बघितलं नि आपल्या घरचाच शब्द त्याला चिकटवला. म्हणजे व्युत्पत्तीने कुरण चोख आणि गोष्टीत चूक, कारण कुरण राखलेलं असतं, त्याला मालक असतो, गवत कापायची वेळ ठरलेली असते. गायरान तर त्याहून अवघड, त्याला आधी गाव लागतं.

माझं मत ‘रान’ला, फार तर ‘गवताचं रान’. शहरात रान म्हणजे जंगल, पण आमच्याकडे ‘आबा रानात गेलेत’ म्हणजे शेतात गेलेत, ‘रान नांगरून ठेवलंय’ म्हणजे शेत नांगरलंय. एकाच शब्दात मोकाट पण आलं आणि कसलेलं पण आलं, आणि लॉराच्या बाबांना पहिल्यातून दुसरं करायचं होतं. वणवा आल्यावर ते नांगराने घराभोवती तास काढतात नि पलीकडचं गवत स्वतःच पेटवतात ना, त्या प्रसंगात दोन्ही रानं शेजारी शेजारी दिसतात.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक सांगतो, सांगताना ‘ओसाड’, ‘पडीक’, ‘निर्जन’ असलं काही घालू नका. जमीन ओसेज या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची (पुस्तकातले ‘इंडियन’ ते हेच) होती, त्यांच्या राखीव हद्दीत हे घर उभं होतं. १९३५ च्या पहिल्या आवृत्तीत ‘तिथे माणसं नव्हती, फक्त इंडियन राहायचे’ अशा अर्थाचं लिहिलेलं होतं, म्हणजे इंडियन माणसांत धरलेच नव्हते. एका वाचकाने प्रकाशकांकडे तक्रार केली तेव्हा १९५३ च्या आवृत्तीत ‘माणसं’ काढून ‘वसाहत करणारे’ अशा अर्थाचा शब्द घातला, वाइल्डरबाईंनीही चूक कबूल केली. मराठीत ‘तिथे वस्ती नव्हती’ सहज तोंडून जातं आणि आपण पुन्हा त्याच खड्ड्यात.

आता वस्तीवरून आठवलं, ‘लिटल हाऊस’ला घरच म्हणा, झोपडी नको, बाबांनी ओंडके रचून, लाकडाची जमीन घालून, गावाहून खिडकीला काचा आणून बांधलंय ते. (गाव म्हणजे इंडिपेन्डन्स, पुस्तकात ४० मैल, प्रत्यक्षात साधारण १३.) खरं तर गावठाण सोडून शेतात एकटं घर बांधून राहिलं की त्याला आम्ही ‘वस्ती’च म्हणतो, ‘रानातली वस्ती’ हे त्या पुस्तकाला फक्कड नाव झालं असतं. पण तुम्ही पुण्याच्या असाल तर लेकीला वस्ती म्हणजे भलतंच काहीतरी वाटेल, तेव्हा राहू दे.