आखातात घरकामाला गेलेल्या बायका छळ होत असताना निघून का येत नाहीत?

तुमचा प्रश्न असा आहे : दाराला बाहेरून कुलूप नसतं, पायात बेड्या नसतात, मग या बायका सरळ विमानतळ का गाठत नाहीत?

कारण तिथे न विचारता निघणं हाच गुन्हा आहे. मी दहा वर्षं कुवेतला होतो, सालमियात राहायचो, एका ट्रेडिंग कंपनीत हिशेब लिहायचो. त्यामुळे सांगतोय ते मुख्यतः कुवेतचं. सौदी, ओमानमध्ये तपशील थोडे वेगळे, पण गाडं त्याच चाकांवर चालतं.

माझा व्हिसा अठरा नंबरचा, म्हणजे खासगी कंपनीचा. घरकामाचा वीस नंबरचा, त्याला आपली माणसं 'खादेम व्हिसा', म्हणजे नोकराचा व्हिसा, म्हणतात. दोन्ही कफीलच्या, म्हणजे ज्याने बोलावलं त्याच्या नावाला बांधलेले. पण मी रोज बाहेर पडायचो, चार माणसांत बसायचो. वीस नंबरवालीचं कामाचं ठिकाण म्हणजे कफीलचं घर, आणि ती झोपतेही तिथेच. ती न सांगता बाहेर पडली की कफील 'फरार' अशी नोंद करतो. मग तिची रेसिडेन्सी, म्हणजे तिथे राहायचा परवाना, जाते आणि सापडली की पोलीस पकडतात तिलाच. दुसरं घर धरायचं तर कफीलने 'रिलीज', म्हणजे सोडत असल्याची लेखी संमती, द्यायला हवी. पासपोर्ट त्याच्या कपाटात. वर चोरीची खोटी तक्रार टाकली की झालंच.

तो एवढा का धरून ठेवतो? याचं उत्तर मला हिशेबातच सापडलं. बाई आणायची तर कफील मक्तबला, म्हणजे तिथल्या एजन्सीला, माझ्या काळात हजाराच्या आसपास दिनार मोजायचा. 2016 साली सरकारने घरकामाचा किमान पगार ठरवला महिना 60 दिनार. म्हणजे ती दारात यायच्या आधीच त्याने सोळा-सतरा महिन्यांच्या पगाराएवढे पैसे भरलेले असतात. ते त्याच्या डोक्यात पगार म्हणून नसतात, किंमत म्हणून असतात. आमच्या ऑफिसातला एक अगदी सज्जन माणूस 'मी तिचे पैसे भरलेत' असं सहज बोलून जायचा. 2019 च्या ऑक्टोबरात बीबीसीच्या अरबी विभागाने दाखवलं की कुवेतमध्ये मोबाइलच्या अॅपवर आणि इन्स्टाग्रामवर अशा बायकांच्या जाहिराती लागतात, फोटो आणि किमतीसकट, जुन्या फ्रिजच्या लागतात तशा. बाहेरच्यांना धक्का बसला. तिथे राहणाऱ्या आम्हाला फारसा नाही, आणि हे लिहायला बरं वाटत नाही.

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर आंध्रातली, गोदावरीकडची एक बाई होती. कचरा टाकायला खाली यायची, तेवढीच तिची मोकळी हवा. एकदा लिफ्टमध्ये मोडक्या हिंदीत म्हणाली, "अन्ना, एक फोन." पाच महिने पगार नाही, मोबाइल मॅडमने काढून घेतलेला. मी फोन लावून दिला, पण ती पुढचं काही मागेल म्हणून दोन दिवस जिन्याने ये-जा केली. फरार बाईला आसरा देणाऱ्यावरही केस होते. माझी स्वतःची रेसिडेन्सी होती, गावी घराचे हप्ते होते. तिसऱ्या दिवशी एका चिठ्ठीवर दूतावासाचा पत्ता आणि टॅक्सीपुरते पैसे दिले, बस्स. ती गेली. दूतावासाच्या निवाऱ्यात अडकली, कारण तोवर तिच्यावर फरारची नोंद झाली होती. 2018 च्या जानेवारीत कुवेत सरकारने रेसिडेन्सीची मुदत संपलेल्यांना दंड न भरता जाण्याची माफी जाहीर केली, तेव्हा आउटपासवर, म्हणजे पासपोर्टऐवजी दूतावास देतो त्या परतीच्या कागदावर, सुटली. पगार नाहीच मिळाला.

कायदा नव्हता असं नाही. कुवेतचा 2015 चा 68 क्रमांकाचा कायदा याच कामासाठी आहे : दिवसाला जास्तीत जास्त बारा तास काम, आठवड्याची सुट्टी, पासपोर्ट ठेवायला मनाई. पण कंपनीत तपासनीस येतो, घरात कोण शिरणार? ज्या बाईला उंबरा ओलांडायची परवानगी नाही, तिने तक्रार नेमकी कुठून करायची?

उलट बाजूही सांगतो, नाहीतर चित्र अर्धं राहील. गोव्याच्या कितीतरी बायका कुवेतात वर्षानुवर्षं आया म्हणून राहिल्या, त्याच वीस नंबरवर. शुक्रवारी कुवेत सिटीतल्या होली फॅमिली कॅथेड्रलमध्ये कोंकणी मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, येणाऱ्या काहींशी माझी ओळख होती. त्यांना कामाचं घर लावून दिलेलं असायचं मावशीने नाहीतर शेजारणीने, आणि एखादा शुक्रवार चुकला की कुणीतरी विचारायचं, ही आली का नाही? कायदा दोघींना एकच. चौथ्या मजल्यावरच्या बाईचा शुक्रवार मात्र कुणी मोजत नव्हतं.

आता आपल्याकडचं. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर', म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी हवी असा शेरा, असतो. अशा बाईला आखातात घरकामाला जायचं तर सरकारची मंजुरी लागते, आणि तिशीच्या आत ती मिळत नाही. हेतू चांगला. पण गरज थांबत नाही, मग एजंट व्हिजिट व्हिसावर दुबईला उतरवतो आणि तिथून रस्त्याने मस्कतला. अशा बाईची नोंद ना इथे, ना तिथे. माझ्या मते ही बंदी बाईपेक्षा एजंटाच्याच जास्त कामी आली.

तुमच्या ओळखीतली कुणी निघाली असेल तर एवढं बघा : व्हिसा कामाचाच आहे ना, एजंटाचं नाव सरकारच्या 'ई-मायग्रेट' या वेबसाइटवर आहे का. पासपोर्टची प्रत घरी ठेवा. दूतावासाचा नंबर मोबाइलमध्ये नको, तोंडपाठ हवा. मोबाइल आधी जातो.

त्या बाईचा नंतर एकदाच फोन आला, मस्कतहून. नवऱ्याच्या दवाखान्याचं कर्ज फिटलं नव्हतं. कसं आहे विचारलं तर म्हणाली, "अन्ना, इधर फोन मेरे पास है."