नव्या पीटी सरांना चार गोष्टी

बडोद्याच्या लालबागच्या जलतरण तलावावर पोरं पोहायला न्यायची म्हणतोस, छान. पण पहिला आठवडा हातपाय मारायला शिकवूच नकोस. कठडा धरून तोंड पाण्यात आणि बुडबुडे, एवढंच. श्वास सोडणं जमलं की निम्मी भीती उतरते. पोरं सतत मोजत राहा. काठावर मोबाइल नको म्हणजे नको.

ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लायला वळताना दोन्ही हात एकदम भिंतीला टेकवायचे असतात. चपळ पोरं नेमकी इथंच बाद होतात, म्हणून वळण रोज घोटून घे. शालेय स्पर्धांसाठी जन्मदाखले जूनमध्येच गोळा कर. परीक्षा जवळ आली की तुझे तास गणिताला जातील. (व्यायामाचार्य माणिकरावांच्या आखाड्याचं बडोदं ना हे!) त्या तासांसाठी भांड, पण गोडीत. निवृत्त झालो तरी पहाटे मी तलावावर असतोच. अडलं तर ये.