वडील २२ वर्षं ॲस्बेस्टॉस पत्र्यांच्या कारखान्यात होते, आता दम लागतो. एक्स-रे नॉर्मल आलाय, तरी सीटी करावा का?

करावा, आणि तो एचआरसीटी (फुप्फुसाचे बारीक काप दाखवणारा सीटी) असावा. ॲस्बेस्टोसिस (ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसं कडक होण्याचा आजार) सुरुवातीला एक्स-रेत निसटू शकतो. फुप्फुसाच्या आवरणावरचे चट्टेही (प्लाक) त्यात बऱ्याचदा दिसत नाहीत, किंवा बरगड्यांलगतची चरबीच चट्टा वाटते. तरी कामगारांच्या सामूहिक तपासणीत एक्स-रेच चालतो: स्वस्त, किरणोत्सर्ग कमी, शिवाय वाचायला आयएलओची (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) ठरलेली पद्धत आहे.

एक गोष्ट सेंटरवर आवर्जून सांगा: पालथं झोपवूनही स्कॅन घ्या. हा आजार फुप्फुसाच्या तळाशी, पाठीकडच्या बाजूला सुरू होतो. उताणं झोपलं की नेमका तोच भाग वजनाने दबतो आणि निरोगी माणसातही धूसर दिसतो. पालथं केल्यावर धूसरपणा गेला तर तो दाबाचा. राहिला तर आजाराचा संशय पक्का होतो. (घाईच्या सेंटरवर हे टाळतात.)

एमआरआय, पेट स्कॅन आत्ता नको. ते मेसोथेलिओमाचा (ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाच्या आवरणाला होणारा कॅन्सर) संशय आला तर. स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजणं) आणि डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो ते मोजणं) मात्र सोबत कराच. जुने एक्स-रेही शोधा: १९९५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने अशा कामगारांच्या आरोग्यनोंदी ४० वर्षं जपायला सांगितलंय.